मामासाहेबांच्या पदातले सहा स्वर

वरुणराव बोलायला लागले की घरातला पंखा बंद केला तरी चालतो, असं दिव्यश्रीची आई सरोजा आपल्या सख्ख्या भावाबद्दल म्हणायची. वरुणरावांना अभिमान एकाच गोष्टीचा: त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात राणीचे भाऊ, मामासाहेब. त्यांच्या स्तुतीचं मराठी पद घरात दोनशे वर्षं गायलं जात होतं.

दिव्यश्रीची पीएचडी अशाच पदांवर होती. पदं रचली कोणी, गायली कोणासमोर, आणि दरबारच्या गायनशाळेतल्या बायकांची नावं कुठे गेली, हे तिचे प्रश्न. त्यासाठी ती दोन वर्षं मोडी शिकली होती.

ज्या परिसंवादात ती मामासाहेबांचं पद मांडणार होती, त्याच्या आदल्या सकाळी ती त्यातल्या कडव्यांचा शेवट घोटत होती. तिथे शब्द नाहीत, नुसते स्वर. शेजारच्या खोलीत मामा फोनवर कोणालातरी ओरत्तनाडू गावाला जाणारी बस कुठे मिळते ते अर्धा तास समजावत होते.

"ग प, मा मा, ग प," दिव्यश्री गायली आणि थांबली. पुन्हा गायली. मग तंबोरा सोडून खाली बसली आणि खदखदा हसत सुटली.

आई पळी घेऊनच आली. "काय झालं गे?"

"आई, ऐक. स्वर म्हणून नको, मराठी म्हणून ऐक. ग प. मा मा. ग प."

"गप, मामा, गप... अय्यो!" आईनं पळी तोंडावर धरली. दोघी भिंतीला टेकून हसत राहिल्या. मामा दारात येऊन "मला सांगा की!" म्हणाले, तेव्हा तर दोघींना बोलताच येईना.

पण हसू म्हणजे पुरावा नव्हे. दुपारभर दिव्यश्रीनं दरबारच्या मोडी वहीतली एकेचाळीस पदं चाळली. मधला 'म' सोडून 'ग'वरून थेट 'प'वर उडी दुसऱ्या कुठल्याच पदात नव्हती. या एकाच पदात ती होती, तीन ठिकाणी. आणि तिन्ही ठिकाणी आधीची ओळ हीच: मामासाहेबांची वाणी, अमृताची अखंड धार.

दुसऱ्या दिवशी सभागृहात जरीकाठी वेष्टी नेसून मामा पहिल्या रांगेत होते. त्यांना बोलावलं होतं तिनंच. आता ती त्यांची नजर टाळत होती. अध्यक्ष कृष्णस्वामी सरांनी मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं; ते पंचवीस मिनिटं चालले.

मग दिव्यश्री उठली. उडीचा हिशेब फळ्यावर मांडला, पद गायली आणि तमिळमध्ये म्हणाली, "गायनशाळेतल्या बायकांना दरबारात तोंड उघडायची मुभा फक्त गाण्यापुरती. म्हणून जे बोलायचं ते स्वरांत घातलं. मराठीत 'गप' म्हणजे 'सुम्मा इरु'. सुम्मा इरु, मामा!"

मग मृदंगावर बसलेला शिवकुमार फिस्सकन हसला आणि सभागृह फुटलं.

मामा लालबुंद होऊन उभे राहिले. "ओढूनताणून आणलंय हे! असे स्वर कुठेही येतात! आमच्या पणजोबांनी सांगितलेलं आहे की..."

"ग प," मागच्या बाकावरून एक पोरगी हळूच गायली. शिवकुमारनं थाप दिली. "मा मा!" अर्धी सभा. "ग प!" सगळी सभा, कृष्णस्वामी सरांसकट, मान डोलावत.

मामा वाक्य अर्धवट सोडून वळले. त्यांनी दिव्यश्रीकडे पाहिलं. तिचं हसू विरलं. घरी काय होईल, या माणसानं लहानपणी आपल्याला सायकलवर पुढे बसवून गाण्याच्या शिकवणीला नेलं होतं, असं काय काय मनात आलं.

तेवढ्यात वेष्टीच्या वर मामांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग डोळ्यांतून पाणी. "दोनशे वर्षं!" ते खुर्चीत कोसळत म्हणाले. "दोनशे वर्षं आम्ही प्रत्येक लग्नात हौसेनं म्हणतोय! माझ्या लग्नात तर दोनदा म्हटलं!"

आता कोणालाच आवरेना. चष्मे पुसले गेले, कोणाला ठसका लागला.

हसू ओसरल्यावर कृष्णस्वामी सर म्हणाले, "छापायला देताना रचनाकार कोण लिहायचं? वहीत तर 'गायनशाळा' एवढंच आहे."

"दरबारातून साड्या वाटल्याच्या यादीत एक नाव आहे," दिव्यश्री म्हणाली. "हे पद पहिल्यांदा गायलं त्या दिवशी साडी मिळाली ती एकीलाच. कामाक्षी. खात्री नाही देता येत, सर. प्रश्नचिन्ह घालावं लागेल."

"घाला, पण नाव लिहा," मामा म्हणाले आणि स्वतःच फळ्याकडे गेले. देवनागरी त्यांना येत नव्हती. त्यांनी तमिळ अक्षरांत, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 'कामाक्षी' लिहिलं, पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि खडूनं माखलेल्या हातांनी पहिली टाळी वाजवली.