घर क्रमांक मागणारा रकाना

मित्रांनो, राष्ट्रं सैन्याच्या नव्हे, माझ्या बळावर उभी असतात. मी सरकारी अर्जातला एक जुना रकाना आहे. रुंदी दोन बोटं.

मानागुआ शहरातल्या एका सरकारी कचेरीत खाद्यविक्रीच्या परवान्यांची माहिती कशी नोंदवायची, याचे नियम ठरत होते. तेव्हा माझा जन्म झाला. साहेबलोकांनी मला परदेशी नमुन्यावरून उतरवून घेतलं आणि माझ्या कपाळी लिहिलं, 'रस्ता व घर क्रमांक. सक्तीचे.' आमच्या शहरात दारांवर क्रमांक नसतात. साहेबांच्याही दारावर नव्हता. पण मी सुबक दिसत होतो. माझं फार कौतुक झालं.

दोन्या पेत्रोनिला (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई) दर शनिवारी केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे नाकातामाल उकडून विकायच्या. घर त्यावरच चालायचं. परवान्यासाठी त्यांनी पत्ता सांगितला : जुनं सिनेमागृह होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक वर. चौक म्हणजे दोन गल्ल्यांमधलं अंतर आणि वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळेना. मी अडून बसलो. शेवटी कारकून एव्हारिस्तोने सगळ्यांचं लिहायचा तेच लिहिलं : रस्ता एक, घर एक. मी खूश. अख्ख्या शहराच्या चुली एकाच घरात पेटल्या.

तपासनीस ते घर शोधून दमला आणि त्याने शेरा मारला, 'स्वयंपाकघर अस्तित्वात नाही.' परवाना नामंजूर, विक्री बंद.

"अस्तित्वात नाही?" दोन्या पेत्रोनिला एव्हारिस्तोला म्हणाल्या. "मग बाबा, गेल्या शनिवारी दोन हादडलेस ते कुठले?"

"ते मी खाजगीत खाल्ले, दोन्या," तो खाली मान घालून म्हणाला.

त्यांचं मोठं पातेलं पालथं पडलं. शनिवारी कचेरीत येणारा वास थांबला. चूल मी विझवली होती, मित्रांनो, तीही फुंकर न मारता.

पुढे मारित्सा नावाची नवी अधिकारी आली. नियम बदलण्याआधी तिने विक्रेत्या बायांनाच बोलावलं, कागद पुढे ठेवला आणि पेन कुठे अडतं ते बघत बसली. सगळ्यांचं माझ्यापाशीच अडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरी, यायचं कसं ते विचार की," दोन्या पेत्रोनिला म्हणाल्या. "नंबर कसला विचारतेस?"

मारित्साने माझ्या कपाळी तसंच लिहिलं : 'घरी कसं यायचं?' दोन्यांचा अर्ज पुन्हा उघडला.

तेव्हा रकाना आखण्याआधी, त्यात ज्यांना मावायचंय त्यांना विचारत जा. एवढंच सांगायचं होतं. फक्त दोन्यांच्या पत्त्यातला शेवटचा 'वर' अजून माझ्याबाहेर राहतोय, तपासनीस उद्या निघणार आहे, आणि तो चुकून खाली वळला, तर अर्ध्या चौकावर न्हाव्याचं दुकान आहे. मला तेवढं एका शब्दापुरतं रुंद करा.