चारातला एक

हेमाआत्याचा रक्तावर गाढ विश्वास आहे. कुणाचा मुलगा इंजिनिअर झाला की घराण्याचं रक्त, कुणी दारूपायी दुकान घालवलं की तेही रक्तच. आमच्या वेदांगला थॅलेसेमिया निघाला तेव्हा तिने एका वाक्यात निकाल दिला, "हे तुझ्या माहेरचं." आता माझं माहेर म्हणजे माझे वडील राजाभाऊ, आणि राजाभाऊ म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ. ती आधी माझी आत्या होती, मग सासू झाली. ज्या घराला ती नावं ठेवते त्याच घरात ती लहानाची मोठी झाली. पण लग्नाला चाळीस वर्षं झाली की माहेर फक्त सुनेला उरतं, सासूला नाही.

संजय आणि मी आते-मामे भावंडं. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हा दोष नसतो, सोय असते. मुलगी पाहायला जावं लागत नाही. ती फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलीच असते, आणि मानपानाचं भांडण घरातल्या घरात मिटतं.

चौऱ्याण्णव साली शारजात मला पहिल्यांदा दिवस गेले. क्लिनिकच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुम्ही आणि तुमचा नवरा रक्ताचे नातेवाईक आहात का? संजयने क्षणभरही न थांबता 'नो'वर खूण केली आणि मी मान डोलावली. खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटलं नाही. माझं गोत्र काश्यप, त्याचं भारद्वाज. गोत्र वेगळं म्हणजे रक्त वेगळं, खलास. आत्या जन्माने काश्यपच होती, पण लग्नात तिचं गोत्र बदललं, म्हणजे रक्तही तेव्हाच बदललं असणार. सोलापूरच्या एका भटजींनी अडीच तासांत, मधे चहा घेऊन, जे करून दाखवलं ते जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला अजून जमलेलं नाही.

'नो' लिहिल्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. माझं हिमोग्लोबिन कमी होतं, त्यावर लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्या मी नेमाने खाल्ल्या. वेदांग दहा महिन्यांचा झाला आणि हळूहळू पांढरा पडत गेला. तेव्हा कुठे आम्हा दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही थॅलेसेमिया मायनर. म्हणजे रक्त कसं बनवायचं हे सांगणाऱ्या दोन प्रतींपैकी एक प्रत आमच्यात बिघडलेली होती, पण दुसरी चांगली असल्यामुळे आमचं भागत होतं. वेदांगला दोघांकडून नेमकी बिघडलेलीच प्रत मिळाली. त्याचा तो मेजर. आत्या म्हणाली, "तुम्हा दोघांना मायनरच आहे ना? मग एवढं काय?"

एवढं म्हणजे दर तीन आठवड्यांनी दुबईला जाऊन रक्त चढवायचं. त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला आठवड्यातल्या पाच रात्री पोटात सुई टोचून पंप लावायचा. सात वर्षांचा झाला तोवर वेदांग स्वतःच शर्ट वर करून "लेफ्ट साइड टुडे" असं सांगायला शिकला होता.

आणि दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत मला पुन्हा दिवस गेले. ठरवून नव्हे. आम्ही काळजी घेत होतो, पण ती बहुधा संजयच्या कंपनीच्या मालासारखी जबल अलीच्या बंदरात कुठेतरी अडकली.

वेदांगच्या डॉक्टर इजिप्तच्या होत्या. त्यांनी कागदावर चार गोल काढून समजावलं. तुमच्या प्रत्येक बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कणभर तुकडा काढून तपासता येतो. इथल्या कायद्यात त्यापुढे काही करता येणार नाही, तेव्हा जायचं तर मुंबईला जा आणि लवकर जा. मला आठवा आठवडा चालू होता.

संजय जबल अलीत वेअरहाऊस सांभाळतो. त्याला स्टॉक कळतो. गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "वासंती, टेन्शन घेऊ नकोस. चारात एक म्हणाली ना ती? तो एक ऑलरेडी होऊन गेला. नाउ द नेक्स्ट थ्री आर क्लिअर."

"ती प्रत्येक बाळाला म्हणाली, संजय."

"तेच ते. अॅव्हरेज तेच येतं."

घरी आत्याने यावर शिक्कामोर्तब केलं. देव एका घराला एकदाच मारतो, असा तिचा हिशेब. शिवाय टेस्ट वाईट आली तर पुढे काय करणार, ते पाप कोण घेणार? हा प्रश्न तेवढा खरा होता. मलाही तो रोज छळत होता. पण तिने तो विचारला आणि वर जोडलं, "आणि हे तुझ्या माहेरचं नसतं तर ही वेळच आली नसती." मग माझी सगळी नैतिक तळमळ रागात विरघळून गेली.

पुढच्या वेळी वेदांगला रक्त चढवायला नेलं तेव्हा आत्या हट्टाने बरोबर आली. वॉर्डातली नर्स मैमुनाबी रत्नागिरीकडची, पन्नाशीची, हात असा हलका की वेदांग तिच्याशिवाय कुणाला शीर दाखवत नसे. आत्या तिला सांगत बसली की आम्हाला एक झालेला आहे, आता पुढचे तीन चांगले.

मैमुनाबी सुई लावून झाल्यावर म्हणाली, "मावशी, त्या समोरच्या तीन खाटा दिसतात?"

समोर दोन मुलगे आणि एक मुलगी रांगेत पडून कार्टून बघत होते. तिघांच्याही डोक्याशी रक्ताच्या पिशव्या होत्या.

"तिघे सख्खे भाऊबहीण. त्यांच्या अम्मीलाही चारात एकच सांगितलं होतं. ते काय रेशन आहे का मावशी, एकदा घेतलं की महिनाभर नाही? प्रत्येक पोराला चिठ्ठी नव्याने उचलायची."

आत्या त्या खाटांकडे बराच वेळ बघत राहिली. तीन वेळा मोजल्या असाव्यात.

"नात्यात लग्न असेल त्यांचं," ती म्हणाली.

"हां, चुलत. आमच्यातही चालतं. पण आम्ही फॉर्मवर 'येस' तरी लिहितो. तुमचं?"

"छे, आमचं गोत्र वेगळं आहे."

"वासंतीताई, ही तुमची कोण?" मैमुनाबीने मला विचारलं.

"सासू," मी म्हणाले. "आणि सख्खी आत्या."

मैमुनाबी हसली नाही. ते तिचे उपकार. एवढंच म्हणाली, "मग हे आजाराचं तुमच्या दोघींच्या एकाच घरून आलं असणार."

इथे आत्याचा तोल गेला. ती बाही वर करून म्हणाली, "घ्या माझं रक्त. एकदा कळू दे सगळ्यांना. आमच्यात नाहीच मुळी." पासष्ट वर्षांच्या, एकादशीला पाणीही विचार करून पिणाऱ्या बाईने सुनेला खोटं पाडण्यासाठी खुशाल हात पुढे केला. मला मनातून फार आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

रिपोर्ट चार दिवसांनी संजय घेऊन आला. मायनर. सोलापुरात मी आधीच फोन करून बाबांनाही तपासायला लावलं होतं, तेही मायनर. म्हणजे आमच्या आजोबांनी किंवा आजीने ती बिघडलेली प्रत एक लेकीला दिली, एक लेकाला दिली, आणि दोघा भावंडांनी ती चाळीस वर्षं सांभाळून, मुलांची लग्नं लावून, वेदांगमध्ये पुन्हा एकत्र आणली. इतकी काटेकोर वाटणी आमच्या घराण्यात दुसऱ्या कशाचीच झाली नव्हती.

मी भाषण तयार ठेवलं होतं. सात वर्षांचं साठलेलं होतं, मुद्द्यांसकट. आत्या रिपोर्टचा कागद उलटा-सुलटा करत बसली होती. मग म्हणाली, "अण्णा असेच पांढरे दिसायचे गं. आम्ही म्हणायचो, किती गोरे आहेत." अण्णा म्हणजे माझे आजोबा. तिचे वडील. तिने कागदाची घडी घातली आणि माझं भाषण तसंच राहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

जेवताना संजयने पुन्हा सुरू केलं, "तरी पण स्टॅटिस्टिकली..."

"संजय," आत्या म्हणाली, "तिकिटं काढ. मी जाते हिच्याबरोबर."

"आई, तूच म्हणत होतीस ना, पाप..."

"माझ्या वडिलांनी दिलंय, मी दिलंय. पाप लागायचं ते मला लागू दे. तिकिटं काढ."

आयुष्यात पहिल्यांदा संजयने तोंडातल्या तोंडात हिशेब न करता तिकिटं काढली.

अकरावा आठवडा संपता संपता मुंबईत टेस्ट झाली. मला टेबलावर घेतलं तेव्हा आत्या बाहेर पोथी घेऊन बसली होती. नंतर पाहिलं तर पान पहिलंच होतं. वाईट आलं तर काय, हे आम्ही दोघी एकाच खोलीत झोपूनही एकमेकींशी बोललो नाही. मी ठरवलं होतं. वेदांगच्या पोटावरच्या सुयांच्या खुणा पाहून ठरवलं होतं. दुसरं लेकरू त्या खाटेवर मी आणणार नव्हते. हे ठरवल्यावर जे वाटत होतं त्याला थट्टेत बसवायची माझी हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी शारजाला परत आलो. निकाल फोनवर कळणार होता. फोन आला तेव्हा आम्ही सगळे वॉर्डात होतो, वेदांगची पाळी होती. संजयचा मोबाइल वाजला. तो खिडकीशी गेला, "येस डॉक्टर, येस, येस," म्हणाला, मग वळला आणि साऱ्या वॉर्डात ऐकू जाईल असं म्हणाला, "वासंती, मायनर. फक्त मायनर. बेबी पास झालं."

आत्या खुर्चीत बसून रडायला लागली. मैमुनाबीने "शुकर आहे" म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वेदांगच्या खाटेवर बसले.

त्याने कार्टूनवरून नजर काढली. हातात सुई होती, पिशवीतून थेंब पडत होता.

"ममा, बेबीने एक्झाम दिली?"

"टेस्ट रे. पोटात असतानाच करतात."

"इफ बेबी फेल्ड, देन?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मी, जिच्याकडे सासूसाठी सात वर्षांचं भाषण तयार होतं. संजयने नजर पिशवीकडे वळवली.

वेदांगने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांचा होता, पण हॉस्पिटलात वाढलेली मुलं न सांगितलेलं आधी ऐकतात.

"डिड यू डू दॅट टेस्ट फॉर मी?"

"नाही. तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं."

त्याने नीट विचार केला.

"गुड," तो म्हणाला, "गुड यू डिडन्ट नो." आणि सुई न लावलेला हात माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा कार्टून बघायला लागला.