फियोरेन्साचा आंबट सॉस

आमच्या गल्लीत पहिला पिझ्झा झाला तेव्हा तो शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. आता साखर कारखान्याच्या फाटकासमोर पिझ्झाची दुकानं आहेत, आणि नात तिथून खोका घेऊन आली की मी एक तुकडा खाते, छान आहे म्हणते. पण आठवण येते ती फियोरेन्साची, आणि तिच्या मागोमाग तिच्या कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या नानाय तिबुर्सियाच्या डुकराची.

फियोरेन्साचा नवरा सिल्वानो इटलीहून आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. त्यांनी माझ्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. गल्लीत सगळे तिला सिन्योरा म्हणायचे. उंच, सडपातळ, बोलायला फटकळ, आणि आमची भाषा तिने बाजारात शिकलेली, त्यामुळे तिला प्रेमाचे शब्द कमी आणि घासाघिशीचे जास्त येत. तिचं एक ठाम मत होतं, की माणसानं जे असेल ते तोंडावर सांगावं. आमच्या बेटावर हे मत घेऊन राहणं म्हणजे भर पावसात कपडे वाळत घालण्यासारखं होतं.

गावचा संत सान रोके याच्या सणाला आमच्याकडे कुणाचं दार बंद नसतं. ओळखीचा असो नसो, रस्त्याने जाणारा आत येतो, जेवतो आणि पुढच्या घरी जातो. दुपार कलली तरी ज्या घरची ताटं रिकामी होत नाहीत, त्या घराकडे गल्ली पुढे वर्षभर कणवेनं बघते. सिन्योराची पहिल्या वर्षीची ताटं भरलेलीच राहिली. लोक आले, दोन घास खाल्ले, लामी, लामी म्हणाले, म्हणजे फार चवदार, आणि हळूच उठून गेले. चूक खरं तर आदल्या दिवशीच झाली होती. सणाच्या आधी बायका न बोलावता एकमेकींच्या स्वयंपाकघरात शिरतात, कांदे चिरतात, भांडी घासतात, तिथं नसलेल्यांचे वाभाडेही काढतात. सिन्योरानं आतून कडी लावून घेतली होती. तिच्या गावी म्हणे रांधताना मध्ये कुणी लुडबुडलेलं चालत नाही. गल्लीला वाटलं, बाईला आपण नको आहोत.

दुसऱ्या वर्षी सिल्वानोचा करार वाढला. सिन्योरा माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "पानिंग, या सणाला ताटं उरली तर मी आईकडे निघून जाणार. सिल्वानोनं यंत्रांशी संसार करावा."

सिल्वानोचं म्हणणं होतं, एक अख्खं डुक्कर भाजून घे, कोण नाही म्हणेल. तो व्यवहारी माणूस. पण तिला लोकांनी तिच्या हातचं खायला हवं होतं. तिच्या आईच्या हातचा पिझ्झा ती करणार होती. बेकरीवाल्या मानांग देल्फानं, म्हणजे देल्फाताईनं, भट्टी द्यायचं कबूल केलं. राहिला प्रश्न सॉसचा.

आमच्याकडचे टोमॅटो लहान, पाणचट आणि आंबट. तिनं ते चिरून, मीठ लावून सुपात उन्हात ठेवले. शेजारीच मधल्या कुंपणावर नानायचे मासे वाळत होते, त्यामुळे पहिली खेप माशांचा वास मारायला लागली. मग ती सुपं माझ्या छपरावर चढली. ऑलिव्हचं तेल गावात फक्त औषधाच्या दुकानात, बाळांच्या पोटाला चोळायला, इवल्या बाटल्यांतून मिळायचं. तिनं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या उचलल्या. मग बाजारातली एकेक पालेभाजी चुरगळून, हुंगून शेवटी तिला हवा तसा वास पानओव्याला सापडला. तो आम्ही पोरांना खोकला झाला की उकळून पाजतो. तेल आणि पानओवा एकाच पिशवीतून घरी जाताना पाहिल्यावर गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. नानाय तिबुर्सिया आशीर्वाद द्यायला आल्या, तेव्हा सिन्योरा पुरती गोंधळली. बाळ वगैरे काही नाही, हा सॉस आहे, हे नानायना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. त्या जाताना एवढंच म्हणाल्या, "असो. पोट बांधून ठेव, वारा लागू देऊ नकोस."

सॉस तयार झाला. मी चाखला. कडक आंबट, मागून तुरट, आणि वर खोकल्याच्या काढ्याचा वास. सिन्योराचे डोळे मात्र भरून आले होते. जवळजवळ आईसारखा झालाय, म्हणाली. लोकांची मतं कळावीत म्हणून तिनं घरोघरी वाट्या धाडल्या आणि खरं सांगा असं बजावलं. सगळ्यांनी खरं सांगितलं, लामी. वाटी रिकामी परत पाठवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून कुणी पिकली केळी घालून पाठवली, कुणी गुळातला तांदळाचा केक, मानांग देल्फानं तर साखर भुरभुरलेले पाव. माझ्या मते याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं असतं? सिन्योरा ते सगळं गोड खाऊन म्हणाली, किती प्रेमळ लोक आहेत.

मग एका सकाळी ती कुंपणापाशी गेली, तर नानायच्या डुकराच्या घमेल्यात तिचा लालभडक सॉस, आणि डुक्कर मनापासून खात होतं.

ती तडक माझ्याकडे आली. "तुम्ही लोक तोंडावर का सांगत नाही? माझी आई जावयालासुद्धा सांगते, मीठ जास्त घातलंस म्हणून."

मी म्हटलं, "आमच्यात तसं सांगितलं तर जावई परत येत नाही."

"मग मला कळणार कसं?"

थोडी साखर घालून बघ, असं मी सुचवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. आईच्या सॉसमध्ये साखर जाणार नाही. जे होईल ते होईल. फक्त या वेळी कडी लावू नकोस, एवढं माझं तिनं ऐकलं.

सणाच्या सकाळी मोठ्या भांड्यात सॉस चुलीवर रटरटत होता. तिला मिरवणुकीत मेणबत्ती धरून चालायचा मान मिळाला होता, तो सोडणं शक्य नव्हतं. भांड्याकडे लक्ष ठेव, असं मला सांगून ती गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाली न झाली तोच नानाय तिबुर्सिया आल्या. त्यांनी पळीनं चाखलं, डोळे मिटले, आणि शालीआडून केळ्याच्या केचपची बाटली काढून अर्धी ओतली. "बिचारीच्या देशात केळी होत नसतील," म्हणाल्या. वयानं आजीइतक्या बाईला अडवायचं कसं? मग मानांग देल्फा आली. नानाय येऊन गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं, तिनं दोन मुठी साखर घातली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली. त्यानंतर कुणी कांदे चिरायला म्हणून आलं, कुणी पाणी मागायला म्हणून. प्रत्येकीला वाटत होतं की सिन्योराची अब्रू राखायला आपणच तेवढ्या धावून आलो. एकीनं आटवलेल्या दुधाचा डबा ओतला, तेव्हा मी चुलीतलं लाकूड ओढून घेतलं, कारण आता सॉस तळाला लागायला लागला होता. जाता जाता सगळ्यांनी भांडी घासली, केर काढला, सिन्योराची फडकी धुऊन टाकली.

सिन्योरा परतली तेव्हा दारात माणसं उभी. चाखायला वेळच नव्हता. देल्फाच्या भट्टीतून पाव फुगून येत, त्यावर सॉस, वर डब्यातलं चीज, की ताट गेलंच. बैलगाडीवाले आले, कारखान्याचे कामगार आले, पाद्रीबाबा दुसऱ्यांदा आले. सिल्वानोनं एक घास खाल्ला, बायकोकडे पाहिलं आणि शहाणा असल्यामुळे बाहेर पाणी वाढायला निघून गेला. दुपार कलायच्या आत ताटं चाटूनपुसून साफ.

यजमानीण शेवटी खाते. एक तुकडा उरला होता, तो नानायनी स्वतः तिच्या हातात दिला. गल्लीतल्या सगळ्या बायका भिंतीला टेकून बघत उभ्या. तिनं घास घेतला. चावायची थांबली. मला वाटलं, संपलं, आता ही जे आहे ते तोंडावर सांगणार, आणि उद्या बोटीत बसणार.

"काय सिन्योरा," नानाय म्हणाल्या, "तुझ्या आईसारखा झालाय ना?"

तिनं रिकाम्या ताटांकडे पाहिलं. मग एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"लामी," ती म्हणाली. आणि उरलेला तुकडा सिल्वानोला ठेवते म्हणून केळीच्या पानात गुंडाळला.

पांगापांग झाल्यावर मी भांडी न्यायला मागं गेले, तर ती कुंपणापाशी वाकलेली. पान मोकळं होतं आणि डुक्कर खात होतं. आंबट आणि गोड, दोन्ही मनापासून खाल्लेलं गल्लीत तेवढं एकच.

मला पाहून तिनं विचारलं, "साखर कुणी घातली?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू उलगडत गेली. "सगळ्यांनी? म्हणजे सगळ्या आल्या होत्या? माझ्या स्वयंपाकघरात?"

"फडकीसुद्धा धुतली त्यांनी," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली, की रडली, मला नीटसं सांगता येणार नाही. बोटीचा विषय पुन्हा निघाला नाही. सिल्वानोची यंत्रं केव्हाच बसली, तरी ती दोघं पुढे बरीच वर्षं राहिली. दर सणाला ती तस्साच आंबट सॉस रांधायची, एक वाटी तिच्या-माझ्यासाठी बाजूला काढून मागच्या पायरीवर झाकून ठेवायची, आणि मोठ्या भांड्यावरचं झाकण काढून मिरवणुकीला जायची.