डाकीण ओळखणारे केस

"उठनात! केस उठनात!"

तांब्याच्या ताटातल्या तळहाताएवढ्या काळ्या कातड्यावरचे केस खरोखरच ताठ झाले होते, चिडलेल्या साळिंदरासारखे. समोर नानीबाई उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं सगळं गाव मंदिराच्या ओट्याभोवती गोळा झालं होतं आणि निम्म्यांच्या हातांत दगड होते.

तेरसिंगच्या मुलीचा ताप हटत नव्हता. दवाखान्यात न्यायचं सोडून त्याने बाहेरगावचा महाराज आणला. "कालभैरवाच्या कुत्र्याचं कातडं हे!" महाराज ओरडत होता. "सात स्मशानांची राख खाल्लेलं! डाकिणीचा वास आला की आपोआप फुलतं!" कातड्याने राख कोणत्या तोंडाने खाल्ली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आणि डाकीण कोण, तर ही नानीबाई, तेरसिंगची विधवा चुलती! आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तोच आता दगड धरून पुढे होता.

मी इथल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मी सरळ ओट्यावर चढले.

"वनाभाऊ," मी पोलीसपाटलांना म्हणाले, "केसच डाकीण ओळखतात ना? मग महाराजांचे डोळे बांधा. बाया एकेक करून मुकाट पुढे येतील."

महाराज गुरगुरला, "देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही. तुमची."

"व्हऊ द्या ना, महाराज!" गर्दीतून आवाज आला. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

वनाभाऊंनी उपरणं घट्ट बांधलं. मी नानीबाईला सगळ्यांत आधी पुढे केलं. केस आडवेच. मागून दुसरी बाई आली, तरी आडवेच. तिसरी पुढे आली आणि केस सर्रकन उठले.

"हाईच! हाईच डाकीण शे!" महाराज गरजला.

समोर कमलबाई होती. पोलीसपाटलांची आई.

"मन्ही माय?" वनाभाऊंनी त्याची मानगूट धरली. मी ताटाखालचा चौरंग उचलला. त्याखाली, धोतराच्या सोग्याआड, महाराजाच्या पावलावर जबरदस्त लोहचुंबक बांधलेलं होतं.

कातडं कसलं, रबराचा तुकडा तो! त्यावरचे बारीक केसही रबराचेच, आत लोखंडाचा भुगा भरलेले. खालून चुंबक आलं की उभे, गेलं की आडवे. तांबं नि लाकूड त्याला अडवत नाहीत. ते चुंबक मी गावातल्या पोरीबाळींच्या हातात दिलं. प्रत्येकीने केस उठवून दाखवले. असल्याच, याहून कितीतरी बारीक रचना शरीरात औषध पोचवता यावं म्हणून प्रयोगशाळांत घडवताहेत. या नीचाने तीच युक्ती म्हातारीला मारायला वापरली होती!

त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं. तेरसिंग चुलतीच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"चुंबक त्याना पायमा व्हतं," ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "तुमना हातमा दगडं कोनी दिन्हात?"

मीही त्यांना नुसती माफी मागून सुटू दिलं नाही.

दुपारीच मुलीला दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला.

ताप आला की रक्त तपासा रे. बायका तपासू नका.