दुसरी खेप

जितेंद्रने अमेरिकेतून पाठवलेली चार पानं मयुरीने धंतोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, आईपुढे ठेवली आणि त्यांच्यावर एक लाल पेन ठेवलं. दादाने तपासून मागितलंय, एवढंच तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी दवाखान्यातल्या पाळीला निघून गेली.

सुभद्राबाईंनी उमरेडकडच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं वह्या तपासल्या होत्या. जितेंद्र त्यांच्याच वर्गात शिकला. आता छत्तीस वर्षांचा इंजिनियर झाला तरी काही लिहिलं की आईला दाखवायची त्याची सवय गेली नव्हती. पण या वेळचं कारण वेगळं आहे, हे त्यांना कळत होतं. अडीच वर्षांपूर्वी वाघाने नवऱ्याला, रामाजींना नेलं. गावच्या घराला कुलूप लागलं आणि त्या मानेवाड्याला लेकीकडे राहायला आल्या. तेव्हापासून त्या वेळेवर जेवत होत्या, अंघोळ करत होत्या, विचारलं तर उत्तर देत होत्या. त्यापुढे काही नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. मुलांनी आपसांत ठरवून हे पेन आपल्या हाती दिलं आहे, हे त्यांना समजलं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

पानांवर शिकारीचा बेत होता. आपल्याकडे असलं नुसतं बोललं तरी वनखात्याची गाडी दारात यायची. पण जितेंद्र राहतो त्या मोंटानात सरकारच शिकारीचे परवाने देतं, आणि त्याला या ऑक्टोबरात एका एल्कचा परवाना मिळाला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ, सव्वातीनशे किलोचा. जितेंद्रला वाटाड्या नको होता, सामान वाहायला घोडा नको होता. सगळं आपलं आपण करायचं होतं. गाडी कुठे उभी करायची, तिथून दहा किलोमीटर आत तंबू कुठे ठोकायचा, वारा कुठून वाहतो ते पाहून कसं चालायचं, सगळं त्याने लिहिलं होतं. त्या रानात लांडगे होते आणि ग्रिझली अस्वलं होती. म्हणून स्वयंपाक तंबूपासून दूर, अन्न उंच फांदीला टांगलेलं, आणि छातीवरच्या पट्ट्यात तिखटाचा फवारा.

शेवटच्या पानाच्या तळाशी ओळ होती : ठरल्या वेळी परतलो नाही तर कोणाला कळवायचं – मयुरी.

आपलं नाव तिथे नाही, हे सुभद्राबाईंनी पाहिलं आणि पान उलटून पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. ‘दक्षीण’मधली वेलांटी ऱ्हस्व केली. ‘सुर्यास्त’मधला उकार दीर्घ केला. तिसऱ्या पानावर पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘मांस हाडावरून सोडवून पिशव्यांत भरणे. अंदाजे शंभर किलो. पाठीवर पंचवीस किलो. चार खेपा. एकटा.’

खेपा हा शब्द बरोबर लिहिला होता. तरी त्यांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली.

सकाळी साडेसातला जितेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती आणि तो ताटलीतलं काहीतरी खात होता.

“किती मार्क, बाई?” त्याने विचारलं. शाळेत त्याला आईला बाई म्हणावं लागायचं आणि एकदा घरी जेवताना त्याने, बाई, भाजी वाढा, म्हटलं होतं. रामाजी त्यावर आठवडाभर हसत होते.

“शुद्धलेखनाचे दोन कापले,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पहिली खेप गाडीपर्यंत नेऊन परत याले किती वेळ लागते?”

ओझं घेऊन जायला चार तास आणि रिकाम्या हाताने यायला तीन, असं तो म्हणाला. म्हणजे दुसरी खेप दुसऱ्या दिवशी.

“तवर बाकीचं मांस तिथंच?”

“झाडाले टांगून ठेवीन ना वं. सगळे तसंच करतात.”

तिथली अस्वलं हुशार झाली आहेत, हे त्याने आपणहून सांगून टाकलं. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरं डबे घेऊन धावतात, तशी ती बंदुकीच्या आवाजाकडे धावतात म्हणे. सांगताना तो हसला.

“मग दुसऱ्या खेपेले तू जाशील, तवा तिथं कोण बसून राहील?”

त्याने ताटली बाजूला ठेवली. मग फवाऱ्याचं सांगितलं, उपग्रहावरून निरोप धाडणाऱ्या यंत्राचं सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तसा त्याचा आवाज चढला.

“मी बाबासारखा उठलो आन् निघालो, असं करून नाही राहिलो, आई. चार पानं लिहिली मी. बाबाले कोणी सांगितलं होतं एकट्यानं जायले?”

हे वाक्य तो तेराव्याच्या दिवशीही बोलला होता. पहिल्या वर्षश्राद्धालाही बोलला होता. दोन्ही वेळा पाहुण्यांनी माना डोलावल्या होत्या, रामाजी हट्टीच, कोणाचं ऐकतील तर शपथ. आणि दोन्ही वेळा सुभद्राबाईंनीही खालच्या फरशीकडे पाहत मान हलवली होती.

गावात मोहफुलं वेचायला कोणी एकटं जात नसे. चौघं-पाचजण मिळून जायचं, मोठ्याने बोलत राहायचं, कोणी ना कोणी उभं राहायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतो. त्या दिवशीही रामाजी आणि सुभद्राबाई शेजाऱ्यांबरोबरच गेले होते. शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाखाली सडा पडला होता. जेवढं टोपल्यांत मावलं तेवढं सगळ्यांनी घरी आणलं. एक ढीग झाडाखाली धोतराने झाकून ठेवला. दुपारनंतर सगळे मिळून दुसरी खेप करू, असं ठरलं होतं. रामाजी ओसरीवर बसून चहा पीत होते. सुभद्राबाईंनी आभाळाकडे पाहिलं. ढग आले होते. भिजला तर मोह काळा पडतो.

हे सगळं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं, फळ्यावर लिहून ठेवल्यासारखं. फक्त ते कोणाला कधी वाचून दाखवलं नव्हतं.

“मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“थे चहा पिऊन राहिले होते. म्हणाले, दुपारी जाऊ सगळे. मी म्हटलं, पाणी येईल, दहा मिनिटांचं काम आहे, जाऊन या. अर्धा चहा ठेवून उठले. दुसऱ्या खेपेतच गेले तुझे बाबा. मी धाडलं.”

पडद्यावर जितेंद्र हलेना. सुभद्राबाईंना वाटलं, नेट अडकलं. मग त्याची पापणी लवली.

“काहून नाही सांगितलं?” त्याने विचारलं.

“सगळे म्हणे, हट्टी होते. मी मान हलवली. मग थेच चालू राहिलं.”

त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेताना असायचा तसाच होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. येईल म्हणून त्यांनी थोडं थांबूनही पाहिलं. मग पान उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं.

“मले काय म्हणायचं थे म्हणजो. पण हे गणित पुन्हा कर. शंभर भागिले पंचवीस, चार येते. खेपा चार म्हण का माणसं चार म्हण, उत्तर तेच राहते. मग माणसं चार ने, आन् खेप एक कर.”

फोन ठेवतो, एवढंच जितेंद्र म्हणाला.

पाच दिवस त्याचा कॉल आला नाही. मयुरीने दोनदा विचारलं, दादाशी भांडलीस का? सुभद्राबाई नाही म्हणाल्या. खरंतर लेकीलाही सांगायला हवं होतं. ते त्यांनी सहाव्या दिवशी, ती डबा भरत असताना, तितक्याच आवाजात सांगितलं. मयुरी हातातली पोळी तशीच धरून उभी राहिली. मग तिने ती डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि त्या दिवशी ती तासभर उशिरा कामावर गेली. तो तासभर ती आईजवळ बसली होती.

संध्याकाळी परतताना तिच्या हातात नवीन छापलेली दोन पानं होती. दादाने पाठवलीत, म्हणाली, सोबत निरोपाचं एक अक्षर लिहिलेलं नाही.

तिसरं पान पुन्हा लिहिलेलं होतं. ‘एकटा’ गेलं होतं. माणसं तीन. जितेंद्र आणि त्याच्या कामावरची दोन, ज्यांची नावं सुभद्राबाईंना नीट वाचता आली नाहीत. चौथा मिळाला नाही. पाठीवर तेहतीस किलो. जड होईल, पण खेप एक. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बाकी एक किलो उरते. ते मी खिशात घालून आणीन.’

सुभद्राबाईंनी समासात शंभरला तीनने भागून पाहिलं. तेहतीस आले, बाकी एक. त्यांनी बरोबरची खूण केली.

मग चौथं पान घेतलं. तिथे सगळं पूर्वीचंच होतं. फक्त तळाशी ‘मयुरी’ खोडून त्याने ‘आई’ लिहिलं होतं.

“काय म्हणतो दादा?” मयुरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“वीस तारखेले निघून राहिला,” सुभद्राबाई म्हणाल्या. “चोवीसच्या रात्रीपर्यंत परत येईल. तिथली रात्र म्हणजे आपली पंचवीसची सकाळ. माझा मोबाईल त्या दिवशी चार्जिंगले लावून ठेवजो.”

मयुरीने हो म्हटलं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन, पंचवीस तारीख कोणत्या वारी येते, ते पाहत उभ्या राहिल्या.