रोइक्लिपचं बिनसरकारी पदक

मी पदक बोलतोय. घाबरू नका, पराक्रमाचा पोवाडा गाणार नाही. तो माझ्या अंगावर आधीच कोरलाय, आणि त्यातला बराचसा भाग खरा आहे.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातला. ज्या यंत्राखालून सकाळी विजारीची बटणं निघाली, त्याच यंत्राखालून दुपारी मी निघालो. तेव्हा घराण्याचा गर्व वगैरे मला नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडमधल्या रोइक्लिप या तांब्याच्या खाणीच्या गावाला इंग्रजांशी लढणाऱ्या डच वंशाच्या बोअर सैन्यानं वेढा घातला, गावकऱ्यांनी तो मोडून काढला. इंग्रज सरकारला काही हा वेढा पदक देण्याएवढा मोठा वाटला नाही. कंपनीला वाटला, कारण वाचली ती तिची खाण. म्हणून तिनं स्वखर्चानं आम्हाला घडवलं. साहेबांसाठी चांदीची पदकं, कामगारांसाठी आम्ही कांस्याचे. गोळ्या मात्र सगळ्यांना एकाच धातूच्या आल्या होत्या.

मी आरोन साल नावाच्या, तिथल्याच नामा जमातीच्या खाणकामगाराच्या वाट्याला आलो. वेढाभर त्यानं टेकडीवरची चौकी सोडली नव्हती. चांदीचं पदक मिळालं खाणीचे व्यवस्थापक पेनहॅलोसाहेब यांना. त्यांनी म्हणे बंगल्याच्या तळघरातून, दारूच्या पिंपांमागून सूत्रं हलवली. तिथून त्यांना शत्रू दिसत नव्हता, पण शत्रूलाही ते दिसत नव्हते.

पुढे गावात सरकारी सैन्याचा एक मोठा अधिकारी पाहणीला आला. आरोन मला छातीवर लावून रांगेत ताठ उभा होता. अधिकारी त्याच्यासमोर थबकला.

"हे काय लावलंयस?"

"पदक, साहेब. वेढ्याचं."

"हे सरकारी नाही. काढून टाक."

आरोननं मला काढलं. मग अगदी नम्रपणे विचारलं, "पण साहेब, वेढा तरी सरकारी होता ना? का आम्ही उगाच घोडी मारून खाल्ली?"

रांगेत खसखस पिकली. अधिकारी लालबुंद झाला. पेनहॅलोसाहेबांनी आपलं चांदीचं पदक हळूच खिशात सरकवलं.

घरी येऊन आरोननं मला टेबलावर आपटलं. जेवलाही नाही. त्याची बायको लेनी तिखट जिभेची. तिनं मला उचललं आणि दावणीच्या शेळीच्या गळ्यात बांधलं.

"आता येऊ दे कुठला साहेब काढायला," ती म्हणाली. "शिंगं आहेत हिला."

मला लाज वाटली का? थोडी. पण शेळी माझ्याकडे कधी निरखून बघत नसे, तिला भाषण ठोकायचं नसे. माणसांच्या छातीपेक्षा तो गळा बरा वाटू लागला.

बातमी बंगल्यावर पोचली. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं, शेळीसकट.

"कंपनीचं पदक जनावराच्या गळ्यात?" पेनहॅलोसाहेब व्हरांड्यातून गरजले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि कंपनीचं घर रिकामं कर!"

आरोनचा चेहरा उतरला. काम कंपनीचं, घर कंपनीचं, त्या गावातलं पाणीसुद्धा कंपनीचं. जाणार कुठे? एवढ्यात साहेबांची बायको बाहेर आली. ती पायऱ्या उतरून थेट शेळीजवळ गेली.

"रिचर्ड, ही शेळी ओळखते मी. वेढ्यात माझं दूध आटलं, तेव्हा आपली तान्ही एडिथ हिच्याच दुधावर जगली. याची बायको गोळीबारातून रस्ता ओलांडून तळघराच्या दाराशी दूध आणून द्यायची. रोज."

"मग मला कसं ठाऊक नाही?"

"तुम्ही झोपलेले असायचात."

आवारातला माळी खोकला दाबत कुंपणाआड वळला. साहेबांनी कॉलर सैल केली. म्हणाले, "ठीक आहे. राहा. काम कर. पण शेळीच्या गळ्यात ते नको."

"नाही साहेब," आरोन म्हणाला.

घरी पोचल्यावर तो लेनीला म्हणाला, "दुधाचं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू चौकी सोडून धावत आला असतास. मग टेकडी कोणी धरली असती, त्या तळघरातल्यांनी?"

आरोननं शेळीच्या गळ्यातून मला सोडवलं. सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि लेनीच्या झग्यावर लावायला लागला. त्याची जाड बोटं टाचणीशी झटापट करत होती.

"अरे, वेडा का तू? नाव कोरलंय त्यावर तुझं."

"ए. साल एवढंच आहे. साल तूही आहेस."

"आणि ए?"

"एखादी साल," आरोन म्हणाला.

ती आधी हसली. मग पदराआड तोंड लपवावं तसं तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

तेव्हापासून मी तिच्या रविवारच्या झग्यावर असतो. पहिल्याच रविवारी पाद्रीबाबांनी हटकलं, की बायकांनी पदक लावायची रीत नाही. लेनीनं भजन आणखी मोठ्यानं म्हटलं. ती श्वास भरते तेव्हा मी वर उचलला जातो. कधी प्रार्थनेला आलात आणि मी दिसलो, तर मला कोणी मंजुरी दिली ते विचारू नका. तिच्या शेजारी जागा असेल तर बसा.