भट्टी सोडल्यावर

आमच्या ह्यांचं एकच तत्त्व: पहाटे मळलेलं दुपारपर्यंत विकलं गेलं पाहिजे. बेकरीच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? डॉक्टरांनी शुक्राणू कमी आहेत, उष्णतेपासून लांब राहा म्हटल्यावर ह्यांनी भट्टी सोडून गल्ला धरला आणि महिन्याभरात स्वतःच्याच डोक्याने पुन्हा तपासणी केली. आकडा जागचा हलला नव्हता.

मग ह्यांनी धीरच सोडला. उद्यापासून परत भट्टीवर जातो म्हणाले. वर, तू अजून तरुण आहेस, दुसरा संसार मांड, असंही म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात धरून त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले.

तिथल्या बाईंनी आधी भट्टी कधी सोडली ते विचारलं. महिना झाला म्हटल्यावर त्या हसल्याच. मग शांतपणे सांगू लागल्या. वृषणातल्या बारीक नळ्यांत साध्या गोल पेशी दुभागत जातात, होणाऱ्या बापाचा अर्धाच वारसा घेतात आणि मग अंग आखडून शेपूट काढतात. ह्यालाच दोन महिन्यांहून जास्त लागतात. बरं, शेपूट आली म्हणून पोहता येत नाही. पुढच्या वेटोळ्या नळीत आणखी काही दिवस मुरावं लागतं.

"म्हणजे मी आत्ता दिलेला माल भट्टीपुढचाच?" ह्यांनी हळूच विचारलं.

"भट्टीपुढचाच. गल्ल्यावरचा अजून कच्चा आहे."

जन्मभर ताज्याचा टेंभा मिरवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हसू दाबलं. मग ह्यांच्या प्रश्नांना ऊत आला. रोज नवा घाणा लागतो का? लागतो, खंड नाही. मग हे सगळं पोटात का नाही ठेवलं? शरीराहून जरा गार लागतं म्हणून. बाईंनी ह्यांच्याच नमुन्याची रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एकाला दोन डोकी, एकाची शेपूट मुडपलेली. हे वाकून बघतच राहिले.

"हा नीट आहे," ते म्हणाले. चांगला भाजलेला पाव हातात घेऊन म्हणतात, तसंच.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, गल्ल्यावरचा माल तयार झाल्यावरही एवढेच निघाले तर? मला माहीत नाही, मी खरं तेच सांगितलं. मलाही भीती वाटत होती.

बेकरीच्या दारात मालकाने विचारलं, उद्यापासून भट्टीवर ना?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही. आम्हा दोघांना अजून थांबायचंय."

मी भर रस्त्यात रडले.